चारूताई आणि तासगावची आजारी डिस्क

चारूताईंच्या व्हॅनमध्ये चहाचा कप घेऊन चढायची छाती सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही पोलिसाची अजून झालेली नाही. एक फौजदार नवे होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते चढले कपबशी घेऊन. बाईंनी कप त्यांच्या हातातून काढून घेतला, खाली उतरल्या, चहा कडुनिंबाच्या बुडाशी ओतला, कप विसळून परत आणून दिला आणि म्हणाल्या, "हं, आता बोला साहेब." 

दिसायला बाई अशा, की भाजी मंडईत समोरून गेल्या तर कुणी वळून बघू नये. वय चव्वेचाळीस, साधा पंजाबी ड्रेस, केसांना तेल, आणि चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधायची सवय. नोकरी पोलिसांकडे, पण कायमची नाही, करारावरची. काम मात्र असं, की तिथं चुकीला जागा नाही. गुन्ह्यात सापडलेला कॉम्प्युटर असो, लॅपटॉप असो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा असो, त्यातल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची. तीही व्हॅन घेऊन जागेवर जाऊन, पंचांच्या डोळ्यांदेखत, आणि होईल तितकी लवकर. मूळ डिस्क सील होऊन मुद्देमालात जाते, पुढचा सगळा तपास या नकलेवर चालतो.

"म्हणजे कॉपी-पेस्टच की हो!" असं कुणी म्हटलं की बाई पेटल्याच म्हणून समजा. अहो, कॉपी-पेस्ट केल्यावर दिसतात तेवढ्याच फायली येतात. इथं पुसलेलं, अर्धवट राहिलेलं, रिकामं दिसणारं, सगळंच्या सगळं उतरवायचं असतं. आणि उतरवताना मूळ डिस्कवर आपल्याकडून एक टिंबसुद्धा लिहिलं जाता कामा नये. त्यासाठी मध्ये एक छोटा डबा लावतात, राइट ब्लॉकर. तो वाचू देतो, लिहू देत नाही. शेवटी यंत्र त्या नकलेचा एक लांबलचक आकडा काढतं, त्याला हॅश म्हणतात. नकलेत नंतर कुणी एक ठिपका जरी हलवला तरी तो आकडा सगळाच्या सगळा बदलतो. म्हणून तो पंचनाम्यात लिहायचा आणि खाली पंचांच्या सह्या घ्यायच्या.

हे वेड बाईंना माहेरून आलं. माहेर वाईचं. वडील, तात्या, साताऱ्याच्या कोर्टात नक्कल विभागात कारकून होते. बत्तीस वर्षं रोज सकाळच्या एसटीनं वाई-सातारा. लोकांना निकालाच्या, जबाबांच्या खऱ्या नकला लागतात, त्या काढून द्यायचं काम. मूळ कागदात चूक असली तर नकलेतही ती चूकच उतरली पाहिजे, आपण मध्ये शहाणपणा करायचा नाही, हा त्यांचा बाणा. कागद फाटला असला तर अंदाजानं शब्द भरायचा नाही, 'येथे अक्षर लागत नाही' असं लिहायचं आणि पुढं जायचं. चारूताईंनी पहिल्यांदा आपलं काम समजावून सांगितलं तेव्हा तात्या खुदकन हसले. "म्हणजे तूही नक्कल विभागातच की गं! मला वाटलं, पोरगी काहीतरी मोठं करतेय."

तात्यांचा आणखी एक नियम होता. नक्कल करणाऱ्यानं अक्षर वाचावं, मजकूर वाचू नये. मजकूर वाचला की घरी जेवण जात नाही, असं ते म्हणायचे. चारूताईंनी तोही पाळला. नऊ वर्षांत शेकडो डिस्का हाताखालून गेल्या, त्यात काय होतं ते बाईंना विचारा, सांगता येणार नाही. नक्कल उघडते आहे ना, तेवढं बघायचं आणि डोळे मिटायचे. आणि तासगावच्या त्या एका दिवशी हा नियम मोडला.

झालं होतं ते असं. तासगावच्या बाहेर विश्वजीतशेठचं बेदाण्याचं युनिट आहे. बेदाणा धुवायचा, देठ काढायचे, निवडायचा, खोक्यात भरायचा. देठ काढायच्या यंत्राला आत फिरणारा लोखंडी ड्रम असतो. गुंडा हा त्या यंत्राचा ऑपरेटर. त्याची बायको बनू निवडणीला. आणि गुंडाची सख्खी मावशी हरणाबाई, तीही निवडणीला. तीच लहानपणी आई गेलेल्या गुंडाला वाढवणारी. एके दुपारी लाईट गेली. यंत्र बंद पडलं. ड्रममध्ये अडकलेला बेदाणा मोकळा करायला हरणाबाईनं आत हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली. यंत्राचा खटका वर, म्हणजे चालूच, राहिला होता. उजवा हात कोपरापासून गेला.

पोलीस आले तेव्हा गुंडानं कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. "खटका म्याच वर ठिवला. लाईट आली का बघाया वर केला आन् खाली कराया इसरलो." झालं! शेठला बरं पडलं, पोलिसांना बरं पडलं. गुन्हा कबूल, आरोपी समोर. हयगयीनं गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. गुंडा जामिनावर सुटला, पण गावात त्याच्याशी कुणी बोलेना. आईसारख्या मावशीचा हात खाल्ला म्हणून पोरंसोरंही बघायला लागली.

पटलं नाही ते एकट्या बनूला. बनूचं म्हणणं, हा माणूस घरातून निघताना गॅस दोनदा बघतो, यंत्राचा खटका विसरेल होय? युनिटात कॅमेरे आहेत, बघा की त्यात! तासगावात कुणी ऐकेना म्हणून ती सांगलीला पोलीस मुख्यालयात आली. एकदा नाही, चार वेळा एसटीनं आली. चौथ्या खेपेला तिची गाठ आवारात चारूताईंशी पडली. बाई व्हॅनची काच पुसत होत्या.

"आवं ताई, त्या क्यामेऱ्यातलं किती दिस ऱ्हातंय?" सगळी हकीकत सांगून बनूनं विचारलं.

"डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. चौदा-पंधरा दिवस बहुतेक. तुमचं होऊन किती झाले?"

"बारा."

बाईंच्या हातातला फडका थांबला. काय ही तऱ्हा! बारा दिवस कुणाला सुचलं नाही, आणि आता दोन दिवसांवर येऊन ठेपलं. बाई तडक आत गेल्या, कुणाकुणाच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, काय काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी हुकूम निघाला. घरी जाताना त्यांनी बनूला सांगितलं, "उद्या येतो आम्ही. तुझ्या नवऱ्यानं केलं नसेल तर ते त्यात दिसेलच. काळजी करू नकोस." असलं वाक्य बाई एरवी कधी बोलत नाहीत. बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला व्हॅन युनिटच्या दारात. तपासाला फौजदार जंगम होते, तरुण माणूस, पायाला भिंगरी. कॅमेऱ्याचा डबा उघडून डिस्क बाहेर काढली आणि बाईंनी ती नाकाजवळ नेली. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्या धुरानं इथल्या लोखंडाची, तांब्याची वाट लागते. डिस्कच्या मागची पट्टी काळी पडली होती. बाईंनी ती हलक्या हातानं साफ केली, ब्लॉकर लावला, वीज दिली. डिस्क फिरली. आणि आतून आवाज आला, टक्, टक्, टक्. मग थांबून पुन्हा टक्.

"आजारी आहे," बाई म्हणाल्या.

"मग ताई, त्या दिवसाची पाच मिनिटं तेवढी पेनड्राइव्हवर घ्या आन् मोकळ्या व्हा," जंगम घड्याळ बघत म्हणाले. "सगळी डिस्क कशाला पायजे?"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" बाई वळूनही न बघता म्हणाल्या. "साहेब, पाच मिनिटं शोधायला ही डिस्क चारदा पुढंमागं पळवावी लागेल, आणि त्यातच ती प्राण सोडेल. आणि कोर्टात वकील विचारेल, बाकीचं का घेतलं नाही, त्यात काय लपवलंत? तेव्हा उत्तर तुम्ही द्याल का मी?"

जंगमांनी घड्याळ बाहीखाली सारलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता एवढंच.

आता इथं बाईंची खरी करामत. चांगली डिस्क पावणेदोन तासांत उतरते, तिथं कुणीही वेगवान. आजारी डिस्कचं तसं नसतं. एखाद्या ठिकाणी अक्षर लागत नसलं की साधं यंत्र तिथंच हट्टाला पेटतं, पुन्हा वाच, पुन्हा वाच, आणि त्या धडपडीत डिस्क कायमची बसते. बाईंची रीत वेगळी. जिथं अडेल तिथं क्षणभरही थांबायचं नाही, खूण करून पुढं उडी मारायची. सोपं आहे ते आधी झपाट्यानं घ्यायचं. डिस्कमध्ये जीव आहे तोवर जास्तीत जास्त पदरात पाडून घ्यायचं आणि मग उरल्या वेळात अडलेल्या जागांकडे सावकाश परतायचं. मरणाच्या दारातल्या माणसाचा जबाब घेताना जसं आधी मुद्द्याचं विचारतात, तसंच हे.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. बाईंनी डिस्कखाली ओला नव्हे, कोरडा गार रुमाल धरला, छोटा पंखा लावला, व्हॅनचं दार लोटून घेतलं. पंच म्हणून आणलेले दोन गृहस्थ बाकावर बसून पेंगायला लागले. कॅमेऱ्याच्या डब्याचं घड्याळ एकवीस मिनिटं मागं होतं, तेही बाईंनी पंचनाम्यात लिहून घेतलं. बाहेर कडुनिंबाखाली बनू उभी होती. दर अर्ध्या तासानं यायची आणि काचेवर बोटाच्या पेरानं वाजवायची. "झालं का वो ताई? दिसलं का?"

"मी बघत नाही गं. मी फक्त नक्कल करते."

बाराच्या सुमाराला गुंडा आला. उंच, सडसडीत माणूस, दाढी वाढलेली. बनू पाणी आणायला गेली आहे हे बघून तो दाराशी आला आणि हात जोडून उभा राहिला.

"ताई, एक इनंती हाय. ही तबकडी खराब हाय म्हंत्यात. न्हाई चालली म्हणून लिवून टाका की. म्या कबूल केलंय. आता उगा उकरून काय करायचंय?"

बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांत डिस्क चालू नये म्हणून देव पाण्यात घातलेले आरोपी त्यांनी ढिगानं बघितले होते. पण ते सगळे सुटण्यासाठी. हा गडी अडकण्यासाठी विनवत होता!

"गुंडा, तुझी बायको चार वेळा सांगलीला आली. तुझ्यासाठी."

"तेच तर वो," तो म्हणाला आणि वाटेकडे बघायला लागला. बनू कळशी घेऊन येताना दिसली तसा तो बाजूला झाला.

बाईंना ते तेव्हाच खटकलं. पण हात थांबले नाहीत. अडीच वाजता डिस्कनं एकदा जोरात टक् केलं आणि पट्टी थांबली.  वीज काढली, दहा मिनिटं डिस्क नुसती निवू दिली, पुन्हा लावली. पुन्हा फिरली बिचारी. पावणेपाचला नक्कल पुरी झाली. एकोणचाळीस जागा वाचता आल्या नाहीत, त्यांची यादी पंचनाम्याला जोडली. आकडा निघाला, बाईंनी तो मोठ्यानं वाचला, पंचांनी सह्या केल्या. त्यानंतर डिस्कला वीज दिली तर ती फिरलीसुद्धा नाही. सुटली एकदाची.

नक्कल उघडते का बघायचं होतं. जंगम शेजारी स्टुलावर बसले. बाईंनी तो दिवस काढला, ती वेळ काढली. कॅमेऱ्याचा डबा इन्व्हर्टरवर होता, म्हणून लाईट गेल्यावरही चित्र चालू होतं. आवाज नव्हता. या कॅमेऱ्यांना आवाज नसतो.

अंधूक शेडमध्ये यंत्र थांबलेलं. गुंडा खटक्याजवळ जातो, खटका खाली करतो, बाहेरच्या दाराकडे चालायला लागतो. हे बघून जंगम पुढं सरकले. मग चित्रात बनू येते. पदरानं तोंड पुसते. ड्रमजवळ उभ्या असलेल्या हरणाबाईकडे तिचं तोंड वळतं. मग ती खटक्याशी जाते, तो वर करते, त्याच खटक्यावर लागणाऱ्या वरच्या बल्बकडे बघते. बल्ब लागत नाही. ती तशीच निघून जाते, खटका तसाच वर. लाईट आली का बघायला आपण घरोघर जे करतो तेच. बटण दाबायचं, नाही लागलं की चालायला लागायचं, आणि दाबलेलं बटण मनातूनही जातं. दारातून गुंडा मागं वळून बघतो. त्याला खटका दिसतो. तो धावतो. आणि शेडमधले सगळे बल्ब एकदम लागतात.

बाईंनी पुढचं बघितलं नाही. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत बसल्या.

"च्यायला," जंगम हळूच म्हणाले. "बायकोला वाचवाया बोलला गडी."

काचेवर पेर वाजलं. "ताई, आता तरी दिसलं का?"

काय सांगायचं या बाईला? तूच आणलंस आम्हाला, तूच घाई केलीस, आणि आत तूच आहेस? काल आपण दिलेला शब्द बाईंना आठवला. आयुष्यात त्यांना एवढी लाज कधी वाटली नव्हती. तात्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग त्यांचं त्यांनाच वाटलं, मी न बघून ते थोडंच पुसलं जाणार आहे?

"उद्या सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्यांनी व्हॅन हलू दिली नाही. जंगमांना म्हणाल्या, "साहेब, नक्कल सबंध आहे तर बघू या सबंध." आणि अपघाताच्या आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावून बसल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईमाणसाचा हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचतोच कसा, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. सव्वातास चित्र पळवलं आणि सापडलं. आदल्या दिवशी सकाळी ड्रमच्या तोंडावर जाळी होती, भक्कम लोखंडी. विश्वजीतशेठ येतात, हातवारे करतात, दोन गडी नट ढिले करायचे पाने घेऊन जाळी सोडवतात. दिवाळीच्या मालाची घाई असणार, जाळी काढघाल करण्यात वेळ जातो. त्या गर्दीत हरणाबाई दिसते. शेठसमोर उभी राहून हात वर करून ती काहीतरी बोलते आहे, तावातावानं. काय बोलते ते कळायला मार्ग नाही. शेठ तिला हातानंच बाजूला सारतात.

"चौदा दिवसांतलं हे चौदावं," बाई म्हणाल्या. "उद्या हे पुसलं गेलं असतं."

जंगमांनी जाळी काढतानाचं चित्र परत एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हातारीचा पुरवणी जबाब घ्यायला पायजे. तुम्ही चला संगं. चित्रातली माणसं तिच्याकडनं ओळखून घिऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिरजेच्या दवाखान्यात गेले. हरणाबाईची खाट खिडकीशी होती. सत्तरीला टेकलेली, वाळकी, पण डोळे लखलखीत. खाटेपाशी बनू डबा सोडत बसली होती, ती रोज सकाळी तासगावाहून भात घेऊन यायची. गुंडा पायथ्याशी. पोलीस दिसले तसा तो उठून उभा राहिला आणि बाईंकडे अशा नजरेनं बघितलं, की बाईंना खाली बघावं लागलं.

जंगमांनी आधी बनूला बाहेर जायला सांगितलं. बनू हलेना. "मी न्हाई जायाची. माज्या नवऱ्याचं हाय, मी बघणार."

मग बाईच पुढं झाल्या. ही गोष्ट त्या साहेबाच्या तोंडून नको, असं त्यांना वाटलं. त्यांनी लॅपटॉप खाटेवर ठेवला, बनूचा खांदा धरला आणि म्हणाल्या, "बनू, मी तुला परवा काळजी करू नकोस म्हटलं, ते चुकलं माझं. मला माफ कर. आणि आता बघ."

बनूनं बघितलं. गुंडा खटका खाली करताना तिचा चेहरा उजळला. "बगा! म्या म्हणलं न्हवतं?" आणि मग चित्रात ती स्वतः आली. खटक्याशी गेली. बनू बघत राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग तिनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, सावकाश, आणि तो पदराखाली घेतला.

"मी व्हते?" ती म्हणाली. "मला ध्यानातच न्हाई वो. देवाशप्पत ध्यानात न्हाई." मग गुंडाकडे वळून, "तुमाला ठावं व्हतं?"

गुंडा खिडकीबाहेर बघत राहिला. 

"साहेब, ल्ह्या," बनू म्हणाली, आवाज अगदी पडलेला. "म्या केलं म्हणून ल्ह्या. ह्यांचं नाव काडा."

"ए गपा की समदी!" हरणाबाई एवढ्यांदा ओरडली की शेजारच्या खाटेवरची पोर जागी झाली. "पंधरा दिस म्या त्वांड शिवून पडलीया, ते ह्ये बघायला व्हय? म्हणलं, बोलले तर पोरीचं नाव येईल. आता आलंच हाय तर ल्ह्या नीट, फौजदार. त्या क्यामेऱ्याला कान न्हाईत, मला हायती. पोरगी आपल्या मनानं खटक्याशी गेली न्हवती. म्याच म्हणलं तिला, बनू, लाईट आली का बघ गं. तिनं बघितलं, बल्ब लागला न्हाई. म्हणलं, आली न्हाई, आन् घातला हात. खटका खाली केला का, ते म्या बी बघितलं न्हाई."

"आणि आदल्या दिवशी?" चारूताईंनी विचारलं. हे विचारायचं काम त्यांचं नव्हतं, पण राहवलं नाही. त्यांनी जाळी काढतानाचं चित्र लावलं. "इथं तुम्ही शेठना काय सांगताय?"

म्हातारीनं मान उचलून पडद्याकडे बघितलं. स्वतःचा उजवा हात हवेत उगारलेला तिला तिथं दिसला. बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"काय सांगतीया? जाळी काडू नगा म्हणतीया. म्हणलं, शेठ, त्यो स्टार्टर जळाल्यापासनं यंतर नुसत्या खटक्यावर चालतंय, लाईट आली की आपसूक सुरू व्हतंय, कुणाचा तरी हात जाईल. त्ये म्हणले, म्हातारे, तू बेदाणा निवड." ती उशीवर परत टेकली. "ल्ह्या हे. माजा हात काय पोरीनं न्हाई खाल्ला."

जंगमांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. पाच पानं झाली. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला. गुन्हा आता कुणाच्या दारात जाणार हे सांगायला कुणा वकिलाची गरज नव्हती, आणि जाळी सोडवणारे दोघे गडी, शेठ, दिवस, वेळ, सगळं नकलेत स्वच्छ होतं. कागद आवरून जंगम बाहेर गेले ते फोनवर बोलायला. जाता जाता गुंडाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गड्या, परत खोटं बोललास तर खरंच आत घालीन."

 बनू मात्र भिंतीला टेकून तशीच उभी होती, हात पदराखाली, डोळे कोरडे. कायद्यानं कुणाला सोडलं आणि कुणाला धरलं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चारूताईंना तिच्याकडे बघवेना. लॅपटॉप बंद करायचं निमित्त करून त्या उगाच वायर गुंडाळत राहिल्या.

"बनू," हरणाबाई म्हणाली. "भात गार झाला की गं."

बनू हलली नाही.

"आगं, म्या रोज डाव्या हातानं सांडून खाऊ का? ये. हात धू आन् भरव मला."

"मावशी, माज्या ह्या हातानं..."

"मग कुणाच्या हातानं? ह्याच्या?" तिनं हनुवटीनं गुंडा दाखवला. "त्याला कालवता तरी येतंय का?"

कोपऱ्यात बेसिन होतं. बनूनं हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले, शेवटी गुंडानं जाऊन नळ बंद केला. ती खाटेशी बसली. भात कालवला. पहिला घास उचलला, पण तो तोंडापर्यंत जाईना, मध्येच अडला आणि शितं चादरीवर पडायला लागली. तेव्हा हरणाबाईनं आपल्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तो हात, घासासकट, आपल्या तोंडाशी ओढून घेतला.